सक्त मनाईची पाटी

हल्ली कंपन्या साहेबलोकांना सर्जनशीलता शिकवायला लोणावळ्याच्या रिसॉर्टवर नेतात. तिथे पन्नाशीतली माणसं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवतात, अकरा ते साडेअकरा वेगळा विचार करतात आणि मग चहा घेतात.

हेच शिक्षण सोसायटीच्या आवारात फुकट मिळतं. फरशीचे सात तुकडे रचले की लगोरी. भिंतीवर कोळशाच्या तीन रेघा ओढल्या की स्टंप. जागा अपुरी? एक टप्पा, एक हात, आउट. चेंडू काकूंच्या बाल्कनीत गेला? मारणारा आउट, आणि बोलणी खाऊन चेंडूही त्यानंच आणायचा. धाकटा भाऊ रडतोय? त्याला कच्चा लिंबू करा. खेळेल सगळं, आउट मात्र होणार नाही. एवढी घटनादुरुस्ती दहा मिनिटांत मंजूर होते, तीही इतिवृत्ताशिवाय.

डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात आलं, की मुलं आखीव बागांपेक्षा भंगारात जास्त रमतात. म्हणून १९४३ साली, जर्मन अंमलाखालीसुद्धा, कोपनहेगनच्या एमड्रप भागात मुलांसाठी अडगळीचं मैदान उभं राहिलं. आपल्याकडे अडगळ मुबलक आहे. मैदान तेवढं पार्किंगनं गिळलं.

उरलेल्या कोपऱ्यात आमच्या कमिटीनं ठराव करून 'येथे खेळण्यास सक्त मनाई' अशी पत्र्याची पाटी रोवली. उंची बरोबर स्टंपांएवढी. चेंडू लागला की खणकन वाजते, त्यामुळे आउटवरून होणारी भांडणं कायमची मिटली. कमिटीचं आजवरचं हे एकमेव सर्जनशील काम.