कारणे दाखवणारा मेल

प्रोग्रामर मंडळी जिथे कोड ठेवतात त्या गिटहबवरून येणाऱ्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते. मला ती फार सभ्य वाटते. हा मेल तुम्हाला का आला, ते ती सांगते: कोणी तुमचं नाव घेतलं, काम तुमच्याकडे सोपवलं, कोड तपासायला तुम्हाला बोलावलं. लग्नपत्रिकासुद्धा एवढा खुलासा करत नाही. आपण कोणाकडून कोण, ते मांडवात बसल्यावर उलगडतं.

सगळ्यात केविलवाणं कारण म्हणजे 'तुम्ही सबस्क्राइब केलं आहे'. एखाद्या प्रकल्पाच्या पानावर उत्साहाच्या भरात 'वॉच' दाबून सगळ्या हालचाली मागवल्या, की तिथली प्रत्येक तक्रार आणि त्या तक्रारीवरचं प्रत्येक मत दारात येऊन उभं राहतं. प्रकल्प व्हीएस कोड या एडिटरसारखा गजबजलेला असेल, तर विचारूच नका.

शहाणी माणसं फिल्टर लावतात. गिटहब मेलच्या सीसीत कारणागणिक वेगळा पत्ता घालतं, 'मेन्शन'चा एक, 'असाइन'चा दुसरा. त्यावरून जीमेलमध्ये लेबलं पाडता येतात. नाव घेतलेलं ते इनबॉक्समध्ये, बाकीचं 'निवांत वाचू'मध्ये. तिथे कोणी निवांत वाचत बसल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शिवाय गिटहबचा स्वयंचलित मदतनीस डिपेंडाबॉट आहेच. अमुक लायब्ररीची नवी आवृत्ती आली, बदल तयार आहे, असं तो कळवतो. कोणी बघेपर्यंत त्याहून नवी येते. मग तोच आपला जुना प्रस्ताव बंद करून नवा मांडतो. दोन्हींचे मेल आपल्याला. त्याचं त्याचं चाललेलं असतं, आपण नुसते साक्षीदार.

पण माझा खरा जीव तुटतो तो 'ओव्हरराइड' किंवा 'टेस्ट' असं सुटसुटीत नाव घेऊन बसलेल्यांसाठी. जावाच्या कोडमध्ये या शब्दांआधी ॲटचं चिन्ह लागतं, आणि गिटहबवर एखाद्याला हाक मारायलाही तेच. कोणी तो कोड चौकटीत न घालता तसाच चिकटवला, की गिटहबला वाटतं, या गृहस्थांनाच हाक मारली. सबस्क्रिप्शन काढलं तरी ते त्या एका चर्चेपुरतं. तिथेही पुन्हा नाव निघालं की पुन्हा मेल.

आणि या मेलला थेट उत्तर देता येतं, हे तर आणखी धोक्याचं. उत्तर चर्चेत जाऊन पडतं, कधीकधी सहीसकट: 'हो', त्याखाली हुद्दा, दोन फोन नंबर, आणि पर्यावरणासाठी हा मेल छापू नये अशी विनंती. वॉच करणाऱ्या सगळ्यांना त्याचाही मेल जातो.