फंक्शनवाला

धर्माबादचा फंक्शनवाला हा पंचविशी ते पस्तिशीतला, हैदराबादेत किंवा पुण्यात संगणकाची नोकरी केलेला आणि बहुधा २०२०च्या टाळेबंदीत गावी येऊन इथंच रमलेला तरुण असतो. लहानपणी बासरच्या सरस्वतीपुढं त्याचा अक्षराभ्यास झालेला असतो. पोराला लॅपटॉपचं वेड लागलं याचं श्रेय आई अजून देवीलाच देते. मिरचीच्या आडतीसाठी मोबाइल ॲप करून देणं हा त्याचा धंदा. त्याला दुकान नसतं, पाटी नसते, आणि आपल्याकडं सर्व्हरही नाही हे तो चारचौघांत छाती काढून सांगतो.

सर्व्हर अर्थातच असतो. तो मुंबईत किंवा सातासमुद्रापार कुण्या कंपनीच्या इमारतीत, हजारोंची कामं उपसत उभा असतो. अमेझॉननं नोव्हेंबर २०१४ मध्ये लॅम्डा जाहीर केलं, गूगलनं मार्च २०१७ मध्ये ॲपवाल्यांसाठीच्या आपल्या फायरबेस या सेवेला क्लाउड फंक्शन्सची जोड दिली, आणि तेव्हापासून कामाचा एक तुकडा लिहून तिकडं ठेवला की भागतं. फोनवरून हाक गेली की तो तुकडा, म्हणजेच फंक्शन, चालतो, उत्तर देतो आणि थांबतो. हा सगळा मोंढ्यातल्या हमालीचा कारभार आहे. गाडी लागली की हमालाला बोलवायचं, पोत्यामागं पैसे द्यायचे, रिकाम्या दिवसाची मजुरी नाही. झाडाखाली आडवा झालेला हमाल मात्र पहिल्या हाकेला उठत नाही. रुमाल झटकत तो येईस्तोवर मापाडी ताटकळतो. बराच वेळ रिकामं पडलेलं फंक्शनही पहिल्या हाकेला असंच रेंगाळतं. याला कोल्ड स्टार्ट म्हणतात.

कोल्ड स्टार्ट हटकून आडत्यासमोर होतो. मालक चष्मा कपाळावर चढवून बटण दाबतात, पडद्यावर चकती गरगरत राहते. ‘का रे, नुसतंच फिरायलंय की हे!’ ‘आता येतंय मालक, पहिल्यांदा जरा वेळ लागतो.’ अनुभवी फंक्शनवाला म्हणूनच दुकानाच्या पायरीवर चप्पल काढता काढता स्वतःच एकदा बटण दाबून घेतो आणि मग आत जातो. फंक्शनची एखादी प्रत कायम जागी ठेवायची सोयही असते, पण तिला महिन्याचे पैसे पडतात. ‘वापरलं तेवढंच बिल’ असं सांगून ॲप गळ्यात घातलेलं असल्यानं तो विषय तो काढत नाही.

एवढा खटाटोप फोनमध्येच का उरकत नाही, याचं कारण चावी. शेतकऱ्याला एसएमएस धाडायचा, पैसे वळते करायचे, तर त्या त्या सेवेची गुप्त चावी लागते. ती ॲपमध्ये ठेवली तर ॲपची फाइल उकलून कुणीही काढून घेऊ शकतो. म्हणून चावी फंक्शनजवळ ठेवायची आणि फोननं फक्त हाक मारायची. हाक मारणारा कोण, त्याला हक्क आहे का, हे फंक्शननं दरवेळी तपासावं अशी अपेक्षा असते. लॉगिन केलेल्या फोनचं टोकन हाकेबरोबर आपोआप जातं. ते पाहायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात. नवशिका फंक्शनवाला त्याऐवजी ‘भाव बदला’ हे बटण मुनिमाच्या फोनवर दिसेनासं करतो आणि सुरक्षेचं काम झालं म्हणून चहा मागवतो.

पत्त्याचा घोळ वेगळाच. फायरबेसचं फंक्शन काही सांगितलं नाही तर अमेरिकेत आयोवामध्ये जाऊन बसतं. धर्माबादच्या मिरचीची हाक आयोवाला जाऊन येणं वेळखाऊ, म्हणून फंक्शनवाला ते मुंबईला हलवतो. ॲपला मात्र हे सांगायचं राहतं. ॲप इमानदारीनं आयोवाचंच दार ठोठावतं, तिथून ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं, आणि फंक्शनवाला दोन तास नेटवर्कला शिव्या घालतो.

नेटवर्कचा दोष एका जागी खराच असतो. लिलाव संपला, हिशोबपट्टी करायची, बटण दाबलं. हाक पोचली, पट्टी नोंदली गेली, पण उत्तर येताना रेंज गेली. मुनीम पुन्हा दाबतो. एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतात आणि तेलंगणातून मिरची घेऊन आलेला शेतकरी दोन्ही दाखवून शांतपणे तेलुगूत पैसे मागतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण कागद त्याच्या बाजूनं बोलतात. उपाय सोपा आहे: पट्टीचा क्रमांक फोननंच आधी ठरवायचा, आणि तो क्रमांक पूर्वी आलेला असेल तर फंक्शननं नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. हा उपाय ठाऊक नसलेला फंक्शनवाला बटणाखाली लाल अक्षरांत ‘कृपया एकदाच दाबा’ असं लिहितो.

फुकट हाकांची मर्यादा फायरबेसमध्ये महिन्याला २० लाख असते, आणि गावातल्या साऱ्या आडती मिळून तिच्या आसपासही फिरकत नाहीत. ती संपवायला फंक्शनवालाच लागतो. नोंद बदलली की जागं होणारं फंक्शन लिहायचं आणि त्याच फंक्शननं तीच नोंद पुन्हा बदलायची, म्हणजे ते रात्रभर स्वतःलाच उठवत राहतं. खर्चाची मर्यादा ओलांडल्याची ईमेल येते. ती फक्त कळवते, थांबवत काही नाही. सकाळी कार्डाचा मेसेज पाहिला की तो आठवडाभर सर्व्हरबद्दल आदरानं बोलतो.

त्याच्या स्वतःच्या पैशांची पद्धत बाजाराची आहे. लॅम्डाचा हिशोब डिसेंबर २०२० पासून मिलिसेकंदावर होतो, फंक्शनवाल्याचा हंगाम उठल्यावर. त्यातही मालक त्या जादा पट्टीचे पैसे आधी कापून घेतात, उरलेल्यापैकी निम्मे दिवाळीनंतर नेण्यास सांगतात आणि घरी नेण्यासाठी पाच किलो मिरची बांधून देतात.