चरबीवर पळायला शिका: एमआयडीसीतल्या नवशिक्यांसाठी सहा नियम

१. आधी खरेदी करा. बूट, घड्याळ, चकचकीत टी-शर्ट घ्या आणि लगेच डीपी बदला. स्नायूंना यातलं काहीच कळत नाही. पण सोसायटीला कळतं, मग माघार घेता येत नाही.

२. पहिल्याच रविवारी निगडीच्या दुर्गा टेकडीवर सुसाट सुटा. वेग वाढला की स्नायू चरबी बाजूला ठेवून ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, तुटून पडतात. लॅक्टेट साचतं, भाता फुलतो. रोज येणारे आजोबा ‘गुड मॉर्निंग’ म्हणत पुढे जातील. उत्तर देण्यापुरताही श्वास तुमच्याकडे नसेल.

३. आता हिशेब समजून घ्या. चाकणच्या लाइनवर हाताशी बिन असतो आणि मागे गोडाऊन. ग्लायकोजेन हा बिन: स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १००, सगळं मिळून जेमतेम २,००० किलोकॅलरी. चरबी हे गोडाऊन: अंगावर दहा किलो असली तरी ९०,००० किलोकॅलरी. तरीही मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास भले भले कोलमडतात. बिन रिकामा, गोडाऊन तुडुंब आणि माल आणायला माणसं नाहीत.

४. ती माणसं, म्हणजे स्नायूंतली चरबी जाळणारी मायटोकॉन्ड्रिया, भरती करायची तर सावकाश पळा. सुपरवायझरबद्दलची अख्खी तक्रार न थांबता सांगता आली, म्हणजे वेग बरोबर. आषाढीच्या वारीत देहूहून आकुर्डीच्या मुक्कामी येणारे वारकरी तर अभंग गात चालतात. १९६७ साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. उंदरांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. उंदरांनी बूट घेतले नव्हते. सरावाने स्नायूंतल्या केशवाहिन्याही वाढतात. मग त्याच वेगाला चरबी जास्त जळते आणि ग्लायकोजेन शेवटच्या चढासाठी शिल्लक राहतं.

५. चरबी जळते म्हणजे पोट उतरणारच, असं समजून परतीच्या वाटेवर मिसळ हाणा. तासभर हलकं पळून जळणारी चरबी असते तीसेक ग्रॅम. तर्रीवरचा तवंग बघा आणि वजाबाकी स्वतःच करा.

६. नाइट शिफ्ट, ओटी, पाऊस, मेहुण्याचं लग्न: मिळेल ते कारण घेऊन महिनाभर सुट्टी टाका. मायटोकॉन्ड्रिया कायमस्वरूपी नोकरीवर नसतात. काम नसेल तर काही आठवड्यांतच कमी होऊ लागतात. युनियनकडे जाऊन उपयोग नाही.

शेवटची सूचना: आठवड्यातून चार दिवस, निदान तीन महिने, त्याआधी निकाल विचारू नये. आणि चाळिशी उलटली असेल किंवा शुगर, बीपी असेल, तर सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. हे एवढं मात्र थट्टेत घेऊ नका.