पंच्याहत्तरी आणि पांढरी बशी

वेंगुर्ल्यात आजोबांची पंच्याहत्तरी ठरली की मुंबईकर नातवंडांना ‘फाइन डाइन’ आठवतं. माणसं चाळीस, शोध थेट गोव्यात पोचतो. तिथे परातीएवढ्या पांढऱ्या बशीत सुरमईचा बोटभर तुकडा, वर कोथिंबिरीचं एकुलतं पान.

“ह्यो नमुनो झालो, जेवाण खंय आसा?” आजोबांचा रास्त प्रश्न.

वाढदिवस जूनअखेरीस असेल तर आणखी मजा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी. म्हणजे ‘आजचा ताजा मासा’ बहुधा बर्फातून उठून आलेला. पुढे श्रावण. उरलेल्या तारखांतून सोमवार, गुरुवार, संकष्टी वजा करा.

सोलकढी मात्र वाइनच्या ग्लासात, दोन घोट. दुसरा ग्लास मागितला की वेटर बिलाकडे बघतो, आजोबा सुनेकडे. तिने घरून बाटली आणलेली असतेच.