हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी शाळेत शांततेचा धडा अवयवांपासून सुरू होतो. हाताची घडी, तोंडावर बोट. (हाताची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट कुठून आणायचं, हे मला पहिलीत कळलं नाही आणि निवृत्त झाल्यावरही कळलेलं नाही.) हातांची सोय झाली, तोंडाची झाली. कानांनी काय करायचं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आमच्या डोंबिवलीत तर कानांना सुट्टी कधी नसतेच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि या पट्ट्यातली शांतता त्याच सुमारास गाडीत बसून जी गेली ती अजून परतलेली नाही. माझी धाकटी बहीण रुळांपासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका शाळेत पहिलीला शिकवते. २०२४ मध्ये सरकारने ‘आनंददायी शनिवार’ काढला, तेव्हापासून तिचा शनिवार आनंदात आणि शुक्रवार तयारीत जातो. “ताई, नाहीतरी तू घरीच असतेस,” असं म्हणून ती मलाही नेते. अशाच एका शनिवारचा विषय होता शांतपणे ऐकणं.

तिने माँटेसोरीबाईंचा शांततेचा खेळ घ्यायचं ठरवलं. बाईंनी वर्गाच्या मागे जाऊन उभं राहायचं, एकेका मुलाचं नाव अगदी हळू आवाजात घ्यायचं, आणि ज्याला ऐकू येईल त्याने चवड्यांवर चालत त्यांच्याकडे जायचं. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला मास्तर पहिल्याच दिवशी मुलांना असंच शांत बसवायला जातो आणि पोरं त्याची पार दाणादाण उडवतात. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने गोष्ट सांगायला घेतो. हे पुस्तक बहिणीच्या कपाटात आहे. पण वाचन आणि वर्तन यांची गाडी आमच्या घराण्यात दिव्याला बदलावी लागते.

पंखा बंद, खिडक्या बंद. अर्धं मिनिट खुसखुस झाली आणि मग खरोखरच शांतता पसरली. बहीण मागून कुजबुजली, “ओवी.” चारजणी उठल्या. दोन ओवी, एक अन्वी आणि चौथीला नुसताच कंटाळा आला होता.

मग “काय काय ऐकू आलं?” असं विचारल्यावर हात वर झाले. शेजारच्या इमारतीतला कुकर (“तीन झाल्या, अजून एक होणारे”), भंगारवाला, मागच्या बाकावरच्या एका मुलाचं पोट. “आणि गाडी,” एकजण म्हणाला. “फास्ट.” “फास्ट नव्हती, स्लो होती,” शेजारचा म्हणाला. दुसऱ्या मिनिटाला फास्टने स्लोच्या दंडाला चावा घेतला होता. विषय शांततेचा होता.

बहीण ‘मूल्यवर्धन’च्या प्रशिक्षणाला जाऊन आलेली आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीडच्या जिल्हा परिषद शाळांतून सुरू केलेला हा उपक्रम, त्यात मुलांनी जोडीने आणि गटात बसून एकमेकांशी बोलण्यावर भर आहे. तिने दोघांना समोरासमोर बसवलं आणि स्वतःचा एक नियम घातला. आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, तो ‘बरोबर’ म्हणाला की मगच आपलं.

“हा म्हणतो स्लो होती आणि हा येडा आहे.”

“बाई, मी येडा आहे असं मी म्हणालोच नाही.”

हरकत रास्त होती. पुन्हा सुरुवात झाली. आता स्लोची पाळी. “हा म्हणतो, गाडी थांबली नाही, धाडधाड गेली, म्हणून फास्ट.” एवढं बोलून तो स्वतःच थबकला. “पण फास्टपण डोंबिवलीला थांबते ना?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “मग ती मेल होती!” “पुण्याची!” “डेक्कन क्वीन!” चाव्याचा वळ अजून लाल होता आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून, आपण कल्याणच्या आजीकडे जाताना किती मेल पाहिल्या याच्या थापा मारत होते. बहिणीला समारोपाचं चार वाक्यांचं भाषण करायचं होतं. तिचं कुणीच ऐकलं नाही.

मला ताराबाई मोडक आठवल्या. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या या बाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबादच्या टेकडीवर गेल्या, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. आज ती गावं पालघरमध्ये मोडतात, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो आपला ठाणे जिल्हाच होता. आदिवासी मुलं बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं तिथेही येईनात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिचं नाव कुरणशाळा पडलं. ‘ही मुलं ऐकतच नाहीत’ असा शेरा मारून त्या गप्प बसल्या असत्या, तर त्या काळी कुणी आक्षेपही घेतला नसता. आम्ही सहावारीतल्या आणि पंजाबी ड्रेसमधल्या बाया मात्र पहिलीच्या पोरांनी आमचं ऐकावं म्हणून टेबलावर डस्टर आपटतो.

सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकात एक पालक बहिणीची वाट बघत होते. “बाई, तुम्ही पोरांना हे काय शिकवलंत? काल पाहुणे जेवायला होते. त्यांच्यादेखत हा मला म्हणतो, बाबा, थांबा, आधी आई काय म्हणाली ते सांगा.”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, आई म्हणते ते बरोबरच आहे.”

“हो, पण काय म्हणाल्या होत्या?”

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. अशा प्रसंगी डोंबिवलीच्या माणसाला लोकल कधी दगा देत नाही. त्यांची ८:१७ होती.