शिवराई घासा, ग्रुप पेटवा

नाणी जमवायला पैसा लागतो, अभ्यास लागतो. नाणेसंग्राहकांच्या ग्रुपवर भांडण लावायला एक नाणं पुरतं. गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यात रेंज आली की लागलीच सुरू करा.

१. मोडीची भांडी घेणाऱ्याकडून तांब्याची शिवराई मिळवा. पुढे ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्र पति’ एवढं वाचता आलं की झालात तज्ज्ञ.

२. ती चिंच-मिठाने घासा. पिढ्यान् पिढ्या चढलेला काळपट थर जेवणाआधी उतरतो आणि किंमतही. पुसट झालेली ‘शि’ची वेलांटी छिन्नीने कोरून घ्या. हातोड्याने पाडलेल्या नाण्यावर अक्षरं बहुधा कडेला अर्धी तुटतात. तुमची सगळी पुरी कशी, असं कोणी शहाणा विचारेलच. विचारू द्या. त्याच्यासाठीच तर हा खटाटोप.

३. फोटोत कड दाखवू नका. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याची शिवण तिथंच दिसते.

४. मजकूर लिहा : ‘घासलेली नाही. ज्याला कळत नाही त्याने बोलू नये.’ फोन उलटा ठेवा आणि जेवून घ्या.

५. कोणी ‘भाऊ, वजन किती?’ विचारेल. हा माणूस धोकादायक, कारण काट्याला भावना नसतात. लगेच लिहा : ‘महाराजांचं नाणं तोलता?’ आता त्याला तासभर स्वतःची शिवभक्ती सिद्ध करावी लागेल. बिचारा फक्त ग्रॅम विचारत होता. वजन पुन्हा कोणी काढणार नाही.

६. ‘प्राणहिता नदीच्या वाळूत सापडली’ असं चुकूनही म्हणू नका. जमिनीत सापडलेलं १० रुपयांवरचं धन १८७८च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. ‘आजोबांच्या पेटीतली’ म्हणा. आजोबा वारलेले असतील तर उत्तम, साक्षीला बोलावता येत नाहीत.

७. मन खात असेल तर अमेरिकेकडे बघा. होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं, सिगारेटच्या पाकिटासोबत मिळणारं एक जुनं कार्ड २००७ साली २८ लाख डॉलरला गेलं. त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या, हे बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ साली कोर्टात कबूल केलं. तुमची चिंच म्हणजे किस झाड की पत्ती!

८. शेवटी अ‍ॅडमिन तुम्हाला काढेल. घाबरू नका. तोवर खासगीत मेसेज आलेला असेल : ‘दादा, द्यायची किती?’ पाठवणारा बघा. ‘बनावट, बनावट’ म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडलेला तोच. त्याला कड दाखवू नका.