सगळ्या पाहुण्यांचा एकच नंबर

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

इकडे थंडी आहे, पण तिचं गाऱ्हाणं पुढच्या पत्रात. आधी कामाचं.

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची आमंत्रणं ई-मेलने पाठवायचं भावजींनी आमच्यावर सोपवलं. थोरल्या नातवाने बाबांची गणपतीच्या वर्गणीची निळी वही स्प्रेडशीटमध्ये उतरवून पाठवली. आता ती यादी ई-मेलच्या पत्त्यांच्या वहीत चढवायची. "इम्पोर्टचं बटण दाब, फाइल दाखव, झालं," असं सांगून हे क्रिकेट बघायला बसले.

पहिल्यांदा फाइल चढली तेव्हा तुमचं अख्खं गोत प्रश्नचिन्हं होऊन आलं. आत्याबाई म्हणजे चार प्रश्नचिन्हं, व्याही म्हणजे सहा. साध्या सीएसव्हीत देवनागरी टिकत नाही. फाइल जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा प्रकार निवडायचा, म्हणजे नावं नीट येतात. नातवाला एवढं सांगितलं आणि नावं आली.

खरी मजा फोन नंबरांची. आपल्याकडे निम्म्या लोकांचे बीएसएनएलचे जुने नंबर, ९४२५ने सुरू होणारे. नातवाने हुशारीने प्रत्येकापुढे +९१ लावलं. स्प्रेडशीटला काय कळणार की हा फोन आहे! तिला वाटलं, बाबांनी कोणाला तरी एक्क्याण्णव हजार कोटी उसने दिलेत. तिने अधिकचं चिन्ह पुसलं, आणि आकडा बारा अंकी झाला म्हणून तो शास्त्रज्ञांच्या पद्धतीने आवळून ९.१९४२५ई+११ असा लिहिला. सीएसव्ही करताना जे डोळ्यांना दिसतं तेच उतरतं, त्यामुळे मागचे सगळे अंक गेले. आता ९४२५च्या पुढचा अंक पाचाच्या आत असेल तर तो माणूस '२५'वाला, पाच किंवा वर असेल तर '२६'वाला. तुमच्या सगळ्या ९४२५वाल्या मित्रांचे दोनच नंबर उरले. त्यावर पत्त्यांची वही अदबीने विचारते, "हे सगळे एकच गृहस्थ दिसतात, एकत्र करू का?" दोन्ही व्याही, पद्मनाभपूरचे डॉक्टर आणि आपला दूधवाला यांचा एक माणूस करायला ती एका पायावर तयार होती. मी 'नको' म्हटलं. व्याह्यांचं एकमेकांशी कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

घरच्या फोनांच्या ०७८८मधलं शून्यही उडालं, पण ते बरंच झालं. इकडून +९१ लावल्यावर ते लागत नाहीच.

मग पत्ते. सेक्टर ६च्या नानांचा क्वार्टर ५/१२. तुमच्या दुर्गच्या संगणकाने त्याचा ५ डिसेंबर केला. इकडे महिना आधी लिहितात, म्हणून अमेरिकेत तोच क्वार्टर १२ मे झाला असता. नाना नाहीतरी रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून हुडकोत गेले, पण वहीत जुना पत्ता खोडून नवा त्याच्या डोक्यावर लिहिलाय आणि नातवाने दोन्ही उतरवले. आपल्या नातवाला रागावू नका. जगभरचे जनुकशास्त्रज्ञ याच तारखांपायी रडकुंडीला आले होते. त्यांच्या 'मार्च१', 'सेप्ट१' अशा नावांच्या जनुकांना स्प्रेडशीट तारखा समजत असे. शेवटी २०२०मध्ये त्यांनी जनुकांचीच नावं बदलली. नानांचा क्वार्टर आपल्याला बदलता येणार नाही, म्हणून सांगते, आकडे भरण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करायला लावा. फोनचा रकानासुद्धा.

नावांच्या बाबतीत मात्र बाबा, दोष वहीचा आहे. 'सौ.' नावातच लिहिल्यामुळे आपल्याकडच्या समस्त बायका 'स'खाली एका रांगेत, भोंडल्याला जमल्यासारख्या. आणि तुम्ही कोणाचं नाव खोडत नाही, पुढे 'कै.' लावता. त्यामुळे आमंत्रणाचा मजकूर "प्रिय कै." असा सुरू होत होता. उपाधीचा रकाना वेगळा असतो, त्यात मी सगळ्या सौ. आणि कै. हलवल्या. कै. मंडळींना आमंत्रण जाणार नाही. पण त्यातल्या दोघांच्या ई-मेलवरून अजून दिवाळीच्या शुभेच्छा येतात, ते कोण पाठवतं एवढं बघा.

शेऱ्यांचा रकाना मी जसाच्या तसा ठेवलाय. "बोलू लागला की थांबत नाही", "वर्गणी बाकी, २ वर्षं" हे आता प्रत्येकाच्या नावाखाली टिपणात आहे आणि फक्त आम्हाला दिसतं. तुम्ही वहीत जे दोन गट पाडलेत तेही लेबलं करून ठेवले. नागपूर आपली राजधानी असताना, म्हणजे १९५६च्या आधीपासून दुर्गात असलेली घरं एकीकडे. भिलाईच्या कारखान्याबरोबर आलेली, म्हणजे वहीतले 'भट्टीनंतरचे', दुसरीकडे. आमच्या धाकट्याने विचारलं, "भट्टीनंतरचे म्हणजे कोण?" त्याला सांगितलं, भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुरू केली, त्यानंतर आलेले ते. तो म्हणाला, "मग आजोबा नंतरचे." ही गोष्ट आजोबांसमोर काढू नकोस असं त्याला बजावलंय.

मी चढवलेली सगळी नावं आयातीच्या तारखेच्या लेबलाखाली येतात, म्हणून ती एका फटक्यात काढून पुन्हा स्वच्छ यादी घेणार आहे. त्यासाठी नातवाकडून मूळ स्प्रेडशीट हवी, सीएसव्ही नको. मूळ फाइलमध्ये नंबर शाबूत आहेत. आणि आई, एक तुमच्याकडे. बाबांच्या पाच मित्रांचा ई-मेल एकच आहे, सुपेल्याच्या चॉइस सेंटरवाल्या मुलाचा. त्या मुलाला पाच आमंत्रणं मिळतील आणि तो जेवायला येईल. येऊ दे, पण मित्रांच्या मुला-सुनांचे पत्ते तेवढे विचारून घ्या. बाबांना विचारायला सांगू नका, ते तासभर बोलतील आणि पत्ता विसरतील.

पुढच्या रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करते, वही जवळ घेऊन बसा.

तुमची,
सूनबाई